शिबिरातली होडी

वर्सोव्याची पुतळाबाई अंधेरीला वसुधाच्या दारात मासळीची पाटी उतरवत होती. आत पोरं नव्या टीव्हीवर सुट्टीतल्या शिबिराची साहसी मालिका बघत होती. शिबिरातल्या मुलांना होडीतून नेणारा माणूस पडद्यावर दिसला, आणि ती किंचाळलीच, "माजा दादला! जिता हाय!"

नारळी पुनवेआधीच समुद्रात गेलेला महादू परतला नव्हता. कोळीवाड्याने कधीच आशा सोडली होती. हिच्या हातात बांगड्या मात्र अजून तशाच होत्या.

वसुधाने तिचा हात धरला. "पुतळाबाई, हे आत्ताचं नाही गं. उन्हाळ्यातच काढून ठेवलंय."

पुतळाबाई पडद्याजवळ सरकली. महादू हसत वल्हं मारत होता.



"मंग आताच त्याला सांग ना बाय, पुनवेआधी होरी काढू नको."