वीस पावलं

यंत्र वाजलं तेव्हा फाटकावरच्या तपासनिसाने भंगाराच्या ट्रककडे पाहिलंच नाही. तो बघत राहिला ट्रकमधून उतरलेल्या चालकाकडे. चालक म्हणजे त्याचे सख्खे भावोजी.

"वीस पावलं लांब जा, भावोजी."

"नियम ठाऊक आहे रे मला. मी काय आज येतोय इथे?"

भावोजी भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. भंगार भट्टीत जाण्याआधी त्यात किरण सोडणारं काही लपलंय का, हे बघायचं काम तपासनिसाचं. त्याच्या हातातल्या नळीच्या टोकाला मुठीएवढा स्फटिक होता. गॅमा किरण लागले की तो आतल्या अंधारात चमकायचा, ती चमक मोजून काटा हलायचा आणि यंत्र टिकटिकायचं. अकरा वर्षांत या स्फटिकाने एकदाही थाप मारली नव्हती. माणसांबद्दल तपासनीस असं छातीठोकपणे बोलला नसता.

त्याने ट्रकभोवती फेरी मारली. चाकं, फळ्या, केबिन. काटा ढिम्म. मग तो भिंतीकडे वळला आणि पावलागणिक टिकटिक वाढत गेली.

म्हणजे ताई उगाच कुरकुरत नव्हती. महिनाभर ती फोनवर हेच सांगत होती. हे न सांगता कुठेतरी जातात, फोन बंद ठेवतात, विचारलं तर अंगावर येतात. काहीतरी भानगड आहे, तू लक्ष ठेव. ताईला संशय होता बाईचा. तपासनिसाच्या मनात आता त्याहून वाईट आलं. मागच्याच महिन्यात शेजारच्या कारखान्यातून शिशाची एक डबी आतल्या किरण सोडणाऱ्या तुकड्यासकट नाहीशी झाली होती.

"खिसे रिकामे करा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"करा म्हणतो ना."

किल्ल्या, रुमाल, दात पडलेला कंगवा. एकेक वस्तू त्याने नळीपुढे धरली. काही नाही. पट्टा काढायला लावला, बूट काढायला लावले. तेही गप्प. नळी भावोजींच्या कमरेपाशी नेली तेव्हा मात्र यंत्राने एकच कालवा केला.

"कुठे लपवलंय?" तपासनिसाचा आवाज चढला. "निदान ताईचा तरी विचार करायचा!"

"तिचाच करतोय," भावोजी म्हणाले.

एका पायावर तोल सावरत त्यांनी मोज्यातून घडी घातलेला कागद काढला. वर इस्पितळाचा शिक्का आणि कालची तारीख होती. शिरेतून औषध दिलं आहे, ते अंगातून किरण सोडेल, लहान मुलांपासून लांब राहावे, असं छापलेलं. खाली पेनाने लिहिलं होतं: आजार हाडांत पसरला आहे का ते पाहणे.

"तिथेही असाच स्फटिक होता, पलंगाएवढा," भावोजी म्हणाले. "तुझी आठवण आली बघ."

"मग? काय निघालं?"

"तुझं यंत्र जिथे ओरडलं, तिथेच."

तपासनिसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली वाकून त्याने दोन्ही बूट भावोजींच्या पायांपुढे नीट जोडून ठेवले.

"तिला इतक्यात सांगू नकोस," भावोजी म्हणाले. "पोरीची परीक्षा होऊन जाऊ दे."

तेवढ्यात तपासनिसाच्या खिशातला फोन वाजला. ताईच.

"आले का रे हे? सापडलं काही?"

"नाही गं."

"मग ते काय वाजतंय मागे?"

ट्रक फाटकात असताना यंत्र बंद करायचं नाही, असा नियम होता. एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन तपासनीस पाठ फिरवून चालू लागला, मनातल्या मनात मोजत. सात. बारा. टिकटिक विरळ होत गेली. विसाव्या पावलाला त्याने वळून पाहिलं. भिंतीपाशी भावोजी एकच बूट घालून त्याच्याकडे बघत उभे होते.

"अजून ऐकू येतंय का गं?"

"नाही," ताई म्हणाली. "आता काहीच नाही."