पहिली सही

वॉर्डातल्या बागेला दोन वर्षं कुलूप होतं आणि किल्ली नगरसेवकाच्या खिशात.

"दोनशे मतदारांनी सह्या दिल्या ना आई, की त्याला मुदतीआधी घरी पाठवायचं का, यावर मतदान घ्यावंच लागतं," तिने सासूबाईंना समजावलं.

"आधी पोरीला भरव, मग सरकार पाड," सासूबाई म्हणाल्या.

तिने दोन्ही केलं. पहिली सही स्वतःची ठोकली आणि महिनाभर लेकीला कडेवर घेऊन दारोदार फिरली. प्रत्येक दारात तेच ऐकवायची, "यादीत नाव आहे ना? मत देता ना? नुसती घरात बसून बोटं मोडून काय होतंय?" लोक निमूट सही करत, बहुधा कडेवरचं रडणं दारातून जावं म्हणून.

अर्जाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिने बरोब्बर दोनशे सह्या कचेरीत दिल्या. कारकून दिवसभर एकेक नाव यादीशी ताडत बसला. कचेरी बंद व्हायला पाच मिनिटं असताना त्याने मान वर केली.

"एक कमी पडली, बाई. बाकीच्या चोख आहेत, पण ही पहिलीच बाद. यादीत नावच नाही. स्वतः मत द्यायचं नाही आणि निघाल्या दुसऱ्याला काढायला. कोण आहेत या?"

तिला फ्रिजवरचा मतदार नावनोंदणीचा फॉर्म आठवला. घर बदललं तेव्हा आणलेला. आता त्यावर लेकीने काढलेला हत्ती होता.

तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.


"असतात हो अशी माणसं."