जवळून बोलायचं काम

टंग क्लीनर बेसिनमध्ये पडला, खणकन.

"हळू गं बाई, सोलून काढशील जीभ," नवरा दारातून म्हणाला. हसलाही.

तिने तळहातावर श्वास सोडून हुंगला. पेस्ट आणि लवंग. बाकी काही कळेना.

"अजून येतो?"

"येतो थोडा." तो बुटाची नाडी बांधत होता. "मी नाही सांगायचं तर कुणी? लोक आपले पाठीमागे नाकं मुरडतात."

दातांच्या डॉक्टरीणबाईंना काही सापडलं नव्हतं. कीड नाही, हिरड्या ठीक, टॉन्सिलमध्ये खडे नाहीत. पोट बिघडतं का, उपाशी राहता का, पाणी कमी पिता का? सगळ्याला तिचं नाहीच. "स्वतःचा वास स्वतःला कळत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "घरच्या माणसाला विचारा."

घरच्या माणसानेच तर सांगितलं होतं.

कांदा-लसूण सुटला, चहा सुटला. मैत्रिणींकडे जाणं सुटलं. मग चष्म्याच्या दुकानातली नोकरी. तिथे गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची काडी वाकवून बघायची. तोंडासमोर तोंड. हल्ली लेकीचा पापासुद्धा ती श्वास रोखून घ्यायची.

दुकानाच्या मालकीणबाईंनी पुन्हा बोलावलं होतं. दुपारपर्यंत कळव, नाहीतर दुसरी बघते.

"जा की! मी कधी अडवलंय?" नवरा म्हणाला. "फक्त त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकांचा विचार कर."

दार ओढलं गेलं. तिने फोन हातात घेतला. मला नाही जमणार, बाई. एवढंच तर म्हणायचं होतं.

सोफ्याच्या आड लेक बसली होती, फ्रॉक नाकापर्यंत ओढून.

"काय गं चिमणे, लपाछपी?"

मान हलली. नाही.

"मग बोल की."

"माझ्या तोंडाला वास येतो."

तिने लेकीला जवळ ओढलं, फ्रॉक खाली केला, ओठांशी नाक नेलं. दूध. नुसतं दूध.

"कोण म्हणालं असं?"

"बाबा. काल मी मावशीशी फोनवर बोलत होते ना, तेव्हा. बाबांनी तुला ढकललं, ते मी तिला सांगत होते. तर बाबा म्हणाले, तोंडाला वास येतोय तुझ्या, ठेव फोन."

लेक तिच्याकडे बघत राहिली.

"आई, तू कुणाला काय सांगणार होतीस?"