तीन नंबरची खोली

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तीन नंबरच्या खोलीतला अमोनियाचा पाइप फुटला. त्यानंतर सोळा मिनिटांनी हमाल जयरामला बेशुद्धावस्थेत बाहेर ओढलं गेलं. मधल्या वेळात तो आत का गेला, हे तिसऱ्या दिवशीही कोणाला सांगता येत नव्हतं.

१९९८चा फेब्रुवारी होता. पिंपळगाव बसवंतच्या त्या शीतगृहात द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. घंटा वाजली तशी माणसं फाटकाकडे पळाली. ऑपरेटर दिनेशने मास्क चढवला, आत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि परतताना जयरामला खेचत आणलं. दिनेशचा फोटो पेपरात आला. मालकाने त्याला शाल-श्रीफळ दिलं. जयराम नाशिकला सिव्हिल हॉस्पिटलात होता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि नजरेबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते.

"दिनेशनं सगळा कारखाना वाचवला," भिकन चहाच्या टपरीवर म्हणाला होता. "ह्यानं कोणाला वाचवलं? आत चिटपाखरू नव्हतं."

भिकन तिथला सर्वांत जुना हमाल. तीन नंबरच्या खोलीत पेट्यांची थप्पी लावण्याचं काम त्याच्याकडे होतं, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन होतं. फाटकाशी मोजणी झाली तेव्हा जयराम सोडून सगळे हजर होते. मग ओला टॉवेल तोंडाला गुंडाळून हा माणूस उलट्या दिशेने का धावला? दिनेशने त्याला उचललं तेही दारापाशी नाही, पार मागच्या थप्पीच्या आड. तिथे त्याचं काय काम होतं? आदल्याच दिवशी रजेवरून त्याचं मॅनेजरशी वाजलं होतं. नट फिरवायचा मोठा पानाही जागेवर नव्हता. रागाच्या भरात पाइपावर पाना घातला असेल, तो आत राहिला असेल, आणि पुरावा उचलायला गेला असेल. भिकनने हे मॅनेजरला सांगितलं. मॅनेजरने पोलिसांना सांगितलं.

जयरामवर भिकनचा थोडा रागही होता. दोन हंगामांपूर्वी सुरगाण्याकडून आलेल्या या माणसाने आठ दिवसांपूर्वी त्याला चारचौघांत टोकलं होतं. लोक हसले होते.

तिसऱ्या दिवशी वास ओसरला आणि पोलिसांनी दोरी सोडली. खोली दाखवायला भिकनला बोलावणं आलं. फाटकाशी जयरामची बायको लंकाबाई बसली होती. सकाळच्या एसटीने नाशिकहून आली होती. तिने भिकनला थांबवलं.

"दादा, तुम्ही त्याच खोलीत असता ना?"

"असतो."

"मंग मला सांगा. शुद्धीत आले का ते एकच इचारत्यात. मानूस घावला का, म्हनं. कोनता मानूस?"

"आत कोणी नव्हतं, वहिनी. सगळे बाहेर होते."

"मीबी तेच सांगितलं. ऐकत नायत."

भिकन पुढे निघाला. पट्टीखालीही डोकं चालतंय याचं, असं त्याला वाटलं. आधी पाना शोधायला गेला, आता माणसाचं निमित्त.

हवालदार दारातच उभा होता. "पाना कालच मिळाला," तो म्हणाला. "दिनेशच्या कपाटात. चार दिवसांपासून तिथंच होता म्हणतो."

"मग दुसरं काहीतरी असेल," भिकन म्हणाला. "उगाच कोण मरायला जाईल, साहेब?"

हवालदाराने दाराशेजारच्या लाकडी फळ्यावर बॅटरी मारली. वीज अजून तोडलेलीच होती. "हे खिळे कशाला?"

"नंबरच्या बिल्ल्यांना. आत जाताना ज्याचा त्यानं टांगायचा, बाहेर पडताना काढून घ्यायचा. बिल्ला दिसला म्हणजे माणूस आत. त्याशिवाय दार लावत नाय आम्ही."

"आणि कोणाचा नंबर कोणता, हे कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाय. ज्याचा त्याला माहीत."

"मग हा कोणाचा?"

बॅटरीचा उजेड खालच्या ओळीत थांबला होता. सगळे खिळे रिकामे होते. एकावर पत्र्याचा बिल्ला लटकत होता. सतरा.

भिकनचा हात खिशाकडे गेला. खिशात तंबाखूची डबी होती, दुसरं काही नव्हतं.

त्या दिवशी दहा वाजता तो मालाच्या दाराने बाहेर पडला होता. टेम्पोवाल्यांत उभं राहून तंबाखू मळायला. ते दार दुसऱ्या बाजूला होतं आणि फळा इकडे. बिल्ला टांगलेला राहिला की मुकादमाला वाटायचं, भिकन आत आहे. तो हे कितीतरी वर्षं करत आला होता. घंटा झाल्यावर तो टेम्पोंमागून पळत फाटकाशी पोहोचला, सर्वांत शेवटी. तोवर जयराम आत गेलेला होता.

आठ दिवसांपूर्वी जयराम एवढंच म्हणाला होता, "भिकनभाऊ, बिल्ला काढून जात जा. तुम्ही बाहेर तंबाखू खाणार आणि एखाद दिवशी आम्ही तुम्हाला आत धुंडत बसणार."

म्हणजे त्याला ही खोड माहीत होती. खोली बहुधा रिकामीच असेल, हेही माहीत होतं, तरी टांगलेला बिल्ला पाहून तो आत गेला होता.

"जुना असेल, राहिलेला," मागून मॅनेजर म्हणाला. "तसं लिहून टाका."

हवालदाराने कागदावर सतरा हा आकडा लिहिला आणि पेन तसंच धरून भिकनकडे पाहिलं.

दुपारी बारा वाजता त्या आकड्यापुढची नावाची जागा कोरी होती. जयरामची पट्टी उद्या सोडणार, असा नाशिकहून फोन होता. भिकन खोलीतून निघून फाटकापाशी, लंकाबाईसमोर जाऊन उभा राहिला होता.