लांब बाह्या

अंगभर खरूज झालेलं कुत्र्याचं पिल्लू सुनेनं बरं होईपर्यंत सांभाळायला म्हणून प्राण्यांच्या संस्थेतून आणलं, तेव्हाच सासऱ्यांनी बजावलं होतं, "घरात एकालाही खाज सुटली, की त्याच दिवशी हे परत."

परत म्हणजे तिथली दाटी. तिथे ते तगलं नसतं.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, "जवळ घेऊन बसलात तरच ही माणसाला लागते. हातमोजे घाला." पण कण्हणाऱ्या जिवाला हातमोज्यांनी कसं थोपटायचं?

आता तिच्या मनगटांवर पुरळ उठलं होतं. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा कुडता घालून, मान खाली घालून ती वाढत होती.

"उकडत नाही का गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही, बाबा." डाव दुसऱ्या हातात घेऊन तिनं बाही खाली ओढली.

"डॉक्टरांकडून मलम आणलंस?"

आता संपलंच सगळं, असं वाटून तिनं वर पाहिलं. उन्हाळाभर गंजिफ्रॉकवर वावरणारे सासरे शर्टाची मनगटापर्यंतची बटणं लावून बसले होते.

"आणलं असशील तर थोडं इकडेही दे," ते हळूच म्हणाले. "आणि परत पाठवायचं मी काही बोललो नव्हतो."