शेवटची फळी

गिरणीतली नोकरी सुटली तेव्हा हिंगणघाटच्या चंद्रभानने अंगणात लाकडी नाव बांधायला घेतली. वणा नदीत स्वतःची नाव सोडायची, एवढाच हट्ट. सत्तरचं दशक सरत आलं, तरी ती पुरी होईना.

दरवेळी एक फळी कमी पडायची. सकाळी ठोकलेली शेवटची फळी संध्याकाळी जागेवर नसे, आणि शोधूनही सापडत नसे. मग घरातलं लाकूड निघायचं. आधी पलंग गेला, मग न्हाणीचं दार. त्याची बायको गोपिका लुगड्याचा आडोसा करून अंघोळ करू लागली.

“घर मोडून नाव करून राह्यले तुम्ही,” ती म्हणायची.

“फळ्या तूच चुलीत घालून राह्यली,” तो म्हणायचा.

स्वयंपाकघराचं दार नावेला ठोकलं गेलं, त्या दुपारी गोपिका नावेपाशी ठाण मांडून बसली. एकदाचा चोर कळू दे, म्हणून.

अंगणात कोणी आलं नाही. तिच्या डोळ्यांदेखत एक खिळा आपसूक बाहेर सरकला. मग दुसरा.

तिने दोन्ही तळव्यांनी फळी दाबून धरली. आतून कोणीतरी तितक्याच जोराने रेटत होतं. बांगड्या वाजल्या, पण त्या तिच्या हातातल्या नव्हत्या.

“अवो, लवकर या!” ती ओरडली.

चंद्रभान घरातून धावत नावेच्या पलीकडच्या बाजूला आला. काठावरून आत वाकला आणि संतापला.

“सापडली ना शेवटी! गोपिके, बाहेर निंघ आधी!”

फळीला तळवे टेकून बाहेर बसलेल्या गोपिकाने तोंड उघडण्याआधीच नावेतून तिच्या आवाजात उत्तर आलं.

“आली वो, आली.”