छातीवरचा फोटो

माझा रेसिंगचा, आग न धरणारा फायर सूट आला तो छातीवर दादांचा हसरा फोटो शिवूनच. गाडीचा खर्च त्यांचा, आणि त्यांची निवडणूक जवळ आलेली. कामतघर वस्तीत तीस वर्षं कापडाचे लूम चालवलेल्या बाबांनी धागा पारखायच्या सवयीने सूटचा एक धागा ओढला आणि त्याला काडी लावली. तो नुसता काळा पडला. फोटोचा धागा मात्र भसकन पेटला आणि वितळून बाबांच्या बोटाला चिकटला.

मी ब्लेड घेऊन फोटो उसवला. सूट घेऊन आलेला दादांचा माणूस म्हणाला, "मेघाली, फोटो न्हाय तर रविवारी गाडी पन न्हाय."

मी फोटो त्याच्या हातात ठेवला.



"मग हा छातीला लावून दादांनाच गाडीत बसवा. आग विझवायला मी उभी राहते."